मस्तक आणि शेत

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील एक्क्याण्णवावे सूक्त अपालेचे म्हणून ओळखले जाते. अपाला ही अत्रिकुलातील कन्या. तिच्या अंगी त्वचारोग होता आणि त्यामुळे पतीने तिचा त्याग केला होता, असे पुढील काळच्या भाष्यकारांनी तिच्याविषयी सांगितले आहे. पाणी आणण्यास जाताना वाटेत तिला सोमवल्ली सापडली. ती तिने दातांनीच चिरडली आणि तो रस इंद्रास अर्पण केला. इंद्र प्रसन्न झाला, आणि अपालेने त्याच्याकडे तीन ठिकाणी अंकुर फुटावेत असे मागितले : पित्याचे मस्तक, पित्याचे शेत आणि तिचे स्वतःचे अंग. पित्यास टक्कल पडले होते, शेत उजाड होते आणि कन्येच्या कांतीवर रोम नव्हते. पुढे इंद्राने तिला रथाच्या, गाड्याच्या व जुवाच्या छिद्रातून तीन वेळा ओढून काढले आणि ती सूर्यासारखी तेजस्वी झाली, एवढी कथा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या मागणीतील पहिल्या दोन गोष्टी शेजारीशेजारी का आल्या, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ज्या मुलीस आपले दुःख पुरेसे होते तिने आधी वडिलांच्या डोक्यावरील केस मागितले आणि त्याच श्वासात जमिनीतील पीक मागितले. केस आणि तृण यांचे साम्य कवीस सहज सुचते हे खरे. पण मस्तक आणि शेत यांचे नाते उपमेपुरतेच नाही, हे दाखविणारी एक घटना अलीकडेच आपल्या वऱ्हाडात घडली. तिच्याकडे जाण्यापूर्वी या रोगाचा जुना इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केशवृद्धीसाठी म्हणावयाची सूक्ते आहेत. त्यांत नितत्नी नावाच्या वनस्पतीची प्रार्थना आहे, आणि जमदग्नीने आपल्या मुलीसाठी केस वाढविणारी औषधी जमिनीतून खणून काढली असा उल्लेख आहे. परशुरामाचा पिता म्हणून ज्या जमदग्नीस आपण कोकणात आणि गोमंतकात ओळखतो तो येथे कुदळ घेऊन मुलीसाठी मुळ्या खणताना दिसतो, हे चित्र मला तरी फार हृद्य वाटते. नितत्नी म्हणजे आजची कोणती वनस्पती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र दोन्ही वेदांत, एकदा पित्यासाठी कन्या आणि एकदा कन्येसाठी पिता, घरच्या माणसाच्या केसांची चिंता वाहताना दिसतात हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे आयुर्वेदाच्या संहिता आल्या आणि प्रार्थनेच्या जागी कारणमीमांसा आली. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी या रोगाचे वर्णन केले आहे. रोमकूपांत शिरलेले पित्त वायूसह प्रकुपित होऊन केस पाडते, आणि नंतर रक्तासह कफ त्या कूपांची तोंडे बंद करतो, म्हणून तेथे दुसरा केस उगवत नाही, असा त्याचा आशय. या विकारास त्याने इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या अशी तीन नावे दिली. वाग्भटाने त्यात भेद केला : इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खालित्यात ते क्रमाक्रमाने झडतात. हा भेद अत्यंत मार्मिक आहे. आपण ज्यास चाई म्हणतो, दाढीत किंवा डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत जागा एका रात्रीत झाल्यासारखी वाटते, तो विकार आणि चाळिशीनंतर कपाळ मागे मागे सरकत जाते तो विकार, हे दोन वेगळे रोग आहेत हे आजचे वैद्यकही मानते. अपालेने ज्या इंद्राकडे केस मागितले त्याच्याच नावाने केस हरपण्याचा रोग ओळखला जावा, हा योगायोग मनोरंजक आहे. परंतु त्यावरून काही सिद्ध करू जाणे धाडसाचे होईल.

सुश्रुताची चिकित्सा वाचताना अंगावर काटा येतो. स्नेहन-स्वेदन करून डोक्याची शीर उघडून रक्त काढावे, मनःशिला, हिराकस, मोरचूद व मिरी यांचा लेप द्यावा, अथवा जागेवर खोलवर ओरखडे काढून गुंजेचा लेप पुन्हा पुन्हा द्यावा. गुंज विषारी आहे. तिने कातडी पेटून उठते, आणि तोच हेतू होता. चाईच्या जागी त्वचेस मुद्दाम क्षोभ उत्पन्न करणारी द्रव्ये लावण्याची पद्धत आजच्या त्वचारोगतज्ज्ञांतही आहे, म्हणून या लेपास हसण्याचे कारण नाही. हसावयाचेच असेल तर त्याच ग्रंथातील दुसऱ्या योगास हसावे. हस्तिदंताची राख रसांजनात मिसळून लावली तर तळहातावरही केस उगवतात, असे त्याविषयी म्हटले आहे. औषधाची प्रशंसा करताना हात सैल सोडण्याची खोड जाहिरातदारांनी नवीन काढलेली नाही. इजिप्तच्या प्राचीन वैद्यकीय पोथीत, इसवी सनापूर्वी सुमारे १५५० वर्षांच्या, टकलावर सिंह, पाणघोडा, सुसर, मांजर, साप व रानबोकड यांची चरबी एकत्र करून चोपडण्यास सांगितले आहे. त्यामानाने आमच्या आज्या माक्याचा रस आणि जास्वंदीची फुले खोबरेलात कढवीत, ते शतपटीने सुसह्य.

चरकाचे जे वचन मला सर्वांत मोलाचे वाटते ते चिकित्सास्थानातील नाही, विमानस्थानाच्या प्रथमाध्यायातील आहे. पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तूंचे अतिसेवन करू नये, असे सांगताना तो देशांची आणि लोकांची उदाहरणे देतो. क्षाराचे सतत सेवन करणाऱ्या ग्रामनगरांतील लोकांस अंधत्व, षंढत्व, खालित्य आणि पालित्य येते, जसे पूर्वेकडील लोक आणि चीन देशचे लोक. अतिलवण खाणाऱ्यांची उदाहरणे म्हणून बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर येथील लोक तो सांगतो, कारण ते दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात. अशांस अकाली टक्कल पडते, केस पिकतात आणि सुरकुत्या येतात. मिठाने टक्कल पडते की नाही हा प्रश्न निराळा. आजचे शास्त्र तसे मानीत नाही. पण केस जाण्याचा विचार करताना एका माणसाकडे न पाहता संपूर्ण जनपदाकडे पाहावे, आणि तेथील लोक काय खातात हे विचारावे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. गाव टकले होते ते एकट्याच्या कर्माने नव्हे, हे चरकास दिसले होते.

या दृष्टीकडे पुढे दुर्लक्ष झाले, आणि त्यास कारणही होते. पुरुषांचे टक्कल हे इतके सार्वत्रिक आहे की त्याने इतर सर्व प्रकार झाकून टाकले. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत विदेहाचे मत आले आहे की स्त्रियांस खालित्य होत नाही, कारण त्यांचे दुष्ट रक्त दर महिन्यास वाहून जाते. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत, षंढ केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाही, असे म्हटले आहे. दोन्ही निरीक्षणे एकाच रहस्याभोवती घुटमळत होती. ते रहस्य १९४२ मध्ये अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी उलगडले. ज्यांचे वृषण यौवनापूर्वी निकामी झाले होते अशा पुरुषांस टक्कल पडले नव्हते. त्यांना पुरुषसंप्रेरक टोचल्यावर, ज्यांच्या कुळात टक्कल होते त्यांस ते पडू लागले. अर्थात केवळ वंश पुरेसा नाही, केवळ संप्रेरकही पुरेसे नाही, दोन्ही लागतात. विदेहाचे कारण चुकीचे ठरले आणि निरीक्षणही अर्धेच खरे ठरले, कारण स्त्रियांचे केसही वयाबरोबर भांगाजवळ विरळ होतात.

औषधांचा शोध मात्र आडवाटेनेच लागला. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबावरील गोळीचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले, तेव्हा ते डोक्याला चोळून पाहण्याची बुद्धी झाली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास टकलावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्या औषधाची कथा अधिक विलक्षण आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका दूरच्या वस्तीत काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि यौवनात पुरुष होत. १९७४ मध्ये त्यांच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे एका अधिक प्रबळ संप्रेरकात रूपांतर करणारे विकर उणे होते, आणि त्या पुरुषांची कपाळे मागे हटत नव्हती. त्या विकरास अडविणारे फिनास्टेराइड प्रथम १९९२ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या वृद्धीसाठी आणि नंतर १९९७ मध्ये टकलासाठी बाजारात आले. दोन्ही औषधे घेत राहावी लागतात. सोडली की मिळविलेले जाते. चाईचे कारण शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटणे हे आहे, आणि तिला आवरणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीस अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. विषमज्वर, बाळंतपण अथवा मोठा आजार यांनंतर दोनतीन महिन्यांनी मूठमूठ केस येतात, ते बहुधा आपोआप परत येतात. याविषयी घाबरून तेलांवर पैसे उधळणाऱ्यांची मला कीव येते.

आता मूळ विषयाकडे. अमेरिकेत मिसूरी नदीच्या काठी फोर्ट रँडल नावाचे लष्करी ठाणे होते. तेथे १८५६ मध्ये घोडदळाच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळू लागले, खूर सुटून येऊ लागले आणि कित्येक घोडी चारापाण्यापर्यंत चालत जाऊ न शकल्याने मेली. ठाण्याचे शल्यवैद्य मॅडिसन यांनी हा वृत्तांत लिहून ठेवला. पुढे त्या प्रदेशात वसलेल्या शेतकऱ्यांनी या रोगास क्षाररोग असे नाव दिले, कारण तेथील पाणी खारे होते आणि दोष पाण्याचाच असणार अशी त्यांची खात्री होती. चरकाने क्षारास दिलेला दोष आणि या शेतकऱ्यांनी दिलेला दोष, यांत दोन सहस्र वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. पाणी निर्दोष निघाले. १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झाले की दोष धान्यात व गवतात होता, आणि धान्यात तो जमिनीतून आला होता. त्या दोषाचे नाव सेलेनियम.

सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ मध्ये शोधले आणि त्यास ग्रीक भाषेतील चंद्राचे नाव दिले. ते गंधकाचे जवळचे भावंड आहे, आणि अनर्थाचे मूळ या भावंडपणात आहे. केस आणि नखे ज्या द्रव्याची बनतात त्याचा बळकटपणा गंधकाच्या सांध्यांवर अवलंबून असतो. सेलेनियम फार झाले की ते गंधकाच्या जागी घुसते आणि सांधा ढिला पडतो. गंमत अशी की थोडे सेलेनियम शरीरास अवश्य लागते. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांस न दिसणारी कणी. त्याच्या अभावी हृदयाचे रोग होतात, आणि आधिक्याने केस जातात.

माणसांवर हे संकट कसे येते याची नोंद चीनमध्ये झाली. हूपे प्रांतातील अन्शी परगण्यात १९६१ ते १९६४ या काळात केस आणि नखे गळण्याची साथ आली. सर्वाधिक बाधित पाच खेड्यांतील २४८ रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे लोक आजारी पडले. तेथील दगडी कोळशात सेलेनियम होते, ते पावसाने जमिनीत उतरले, आणि शेतात चुना घालण्याच्या रिवाजाने पिकांस ते शोषणे सुलभ झाले. अवर्षणाने भात बुडाला, तेव्हा लोक मका आणि भाजीपाल्यावर जगू लागले आणि त्यातून दिवसाला सरासरी सुमारे ५ मिलिग्रॅम सेलेनियम पोटात गेले. भाताचे पीक आले असते तर कदाचित काहीच झाले नसते. ज्यांचे अन्न बदलले त्यांचे केस परत आले. हा सर्व वृत्तांत जगापुढे आला तो १९८३ मध्ये.

वाचकांपैकी पुष्कळांनी शेगावची वारी केली असेल. गजानन महाराजांच्या समाधीमुळे त्या गावाचे नाव बेळगावपासून इंदूरपर्यंत सर्वत्र घेतले जाते. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत त्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी खेड्यांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. डोके दुखणे, ताप, खाज, मुंग्या, काहींना वांत्या व जुलाब, आणि तीनचार दिवसांत केस ओढले की हातात येत. पुरुष, स्त्रिया, मुले, कोणी सुटले नाही. अठरा गावांतील २७९ जणांची नोंद झाली. वाग्भटाचे इंद्रलुप्त ते हेच काय असे वाटावे, इतक्या झपाट्याने हे घडले.

आणि मग जे व्हावयाचे तेच झाले. दोष प्रथम पाण्यावर आला. शेगावचा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे पाणी पिढ्यान् पिढ्या मचूळ आहे, त्यामुळे संशय तिकडे वळणे स्वाभाविक होते. कोणी बुरशी म्हणाले, कोणी डोक्यास लावावयाच्या वस्तूंस दोष दिला. पाण्याचे नमुने गेले, कातडीचे नमुने गेले, शासकीय संशोधकांची पथके आली. फोर्ट रँडलच्या शेतकऱ्यांनी केलेला तर्क वऱ्हाडात जसाच्या तसा पुन्हा झाला. फरक एवढाच की येथे प्रश्न घोड्यांचा नव्हता.

विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी पाण्याऐवजी ताटाकडे पाहिले. गावकऱ्यांना स्वस्त धान्य दुकानातून मिळालेल्या गव्हाची त्यांनी तपासणी करविली. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे त्या गव्हात दर किलोस सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जेथे १.९ मिलिग्रॅम ही मर्यादा समजतात. गहू धुतला तरी त्यात फारसा फरक पडला नाही, म्हणजे दोष दाण्याच्या वर नव्हता, आत होता. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आढळले, आणि जस्त कमी आढळले. हा गहू उत्तरेकडून, पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेला, असे त्यांचे म्हणणे आहे. यात नवल नाही. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या भागांत शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, तेथील जनावरांचे केस आणि खूर जातात, आणि तेथील कृषिशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके याविषयी लिहीत आले आहेत.

एक साधे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे. घरातील कर्त्या माणसाच्या पोटात दिवसास पाव किलो पिठाच्या पोळ्या जातात असे धरले, तर वरील प्रमाणाने साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम होते. अन्शीच्या आकड्याच्या ते फार दूर नाही. ज्याच्या घरी बाजारातून विकत आणलेले निरनिराळे धान्य येते त्याच्या पोटात असे विष एकवटत नाही. ज्याचे सारे ताट एकाच पोत्यावर अवलंबून असते त्याच्या पोटात ते एकवटते. वऱ्हाडची जुनी भाकरी ज्वारीची, आणि ती ज्वारी गावच्याच काळ्या रानातील. आजचा गहू सहस्र मैलांवरून येतो, आणि कोणत्या शेताची माती त्याबरोबर आली हे दुकानदारासही ठाऊक नसते आणि खाणारासही नसते. त्यामुळे अपालेच्या पित्याचे शेत त्याच्या डोळ्यांपुढे होते, तसे बोंडगावच्या माणसाचे राहिले नाही.

या प्रकरणातील माणसांचे हाल आकड्यांत येत नाहीत. कित्येकांनी विद्रूपता लपविण्यासाठी उरलेले केसही काढून टाकले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी व मुलींनी घराबाहेर पडणे सोडले, आणि ठरत आलेले विवाह अडून बसल्याच्या वार्ता आल्या. आपल्याकडे मुंडण हे व्रताचे आणि नवसाचे अंग आहे. लेकराचे जावळ आपण कौतुकाने काढतो. तिरुमलेवर तर मस्तकावरील केस अर्पण करण्याची परंपराच आहे. तेथील स्थलकथेप्रमाणे गवळ्याच्या प्रहाराने बालाजीच्या मस्तकावरील थोडे केस गेले, तेव्हा नीलादेवीने आपल्या केसांची बट कापून देवाच्या डोक्यावर बसविली, आणि भक्तांचे केस तिला पावतात असे देवाने वचन दिले. दिलेले केस आणि हिरावलेले केस यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. स्त्रीच्या बोडक्या मस्तकाचा आपल्या समाजात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत काय अर्थ होता, हे आठवले म्हणजे त्या खेड्यांतील मुलींनी दारे का लावून घेतली हे सांगावे लागत नाही. त्यांना दिलासा देताना कोणी वाळलेल्या सहानुभूतीने तेलाचे नाव सुचविले असेल, तर ते न सुचविलेले बरे.

दूषित गहू ताटातून गेल्यावर पाचसहा आठवड्यांत पुष्कळांच्या डोक्यावर पुन्हा खुंट दिसू लागल्याचे सांगण्यात आले. केसाची मुळे मेलेली नव्हती, नुसती ढिली झाली होती. नखांची गती मात्र केसांहून फार मंद. मुळाशी झालेली इजा टोकाशी दिसण्यास महिने लागतात. २०२५ च्या एप्रिलात त्याच परिसरातून नखे विरूप होऊन गळत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि फोर्ट रँडलच्या घोड्यांचे खूर ज्यांना आठवले त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही.